डायनस्टी फँटसी हॉकी लीग: नियम कसे लिहायचे आणि दर हंगामात कसे बदलायचे

आयपीएलच्या दिवसांत मोबाइलवर संघ लावणाऱ्याला फँटसी खेळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. डायनस्टी लीगमध्ये फरक एवढाच, की एकदा घेतलेला खेळाडू तुमचाच राहतो. सामना संपो, हंगाम संपो, तुम्ही त्याला विकत किंवा सोडत नाही तोवर तो तुमच्या नावावर. आयपीएलमध्येही काही वर्षांनी मेगा ऑक्शन येऊन बहुतेक संघ नव्यानं बांधले जातात. डायनस्टीत तशी सोय नाही. २०१५ साली ज्यानं आइस हॉकीचा तारा कॉनर मॅकडेव्हिड याला उचललं, त्याच्याकडे तो आजही असू शकतो.

त्यामुळे नियम बदलण्याचा मामलाच वेगळा होतो. साध्या लीगमध्ये दर हंगामाला सगळे शून्यापासून सुरू करतात, म्हणून नवा नियम सगळ्यांना सारखाच नवा असतो. डायनस्टीत प्रत्येक मालकानं चालू नियम गृहीत धरून तीन-चार वर्षांची गुंतवणूक केलेली असते. ब्लॉकचे (मध्ये येऊन अडवलेल्या शॉटचे) गुण वाढवले की एकाचा बचावपटू महाग होतो आणि दुसऱ्याचा गोल करणारा विंगर तुलनेनं स्वस्त. म्हणून नियम काय असावा यावर जेवढा वाद घालाल, त्याच्या दुप्पट वेळ तो कोणत्या तारखेपासून लागू व्हावा यावर घालवा. लीग फुटतात त्या बहुधा तारखेवरून.

इथली सगळी उदाहरणं एनएचएलची (अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग) आणि बारा संघांच्या लीगची आहेत. टोरंटो-एडमंटनच्या मंडळींत पुण्या-मुंबईतला एखादा भाऊ किंवा मित्र असतोच, त्याचाही विचार जागोजागी केला आहे.

पहिल्या ड्राफ्टआधी

पहिल्याच वर्षी चाळीस पानांची घटना लिहायला बसू नका. अर्धी कलमं कधी वापरात येत नाहीत आणि जी लागणार असतात ती सुचलेली नसतात. चार-पाच पानं पुरतात, पण त्यांत रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी), गुण, ड्राफ्ट (पाळीपाळीनं खेळाडू निवडणं), ट्रेड (अदलाबदल) आणि दुरुस्तीची पद्धत एवढं पक्कं हवं.

रोस्टर असं ठेवा: खेळणारे ९ फॉरवर्ड (आक्रमक), ५ बचावपटू, २ गोली (गोलरक्षक), राखीव ७. झाले २३, म्हणजे एनएचएल संघाच्या रोस्टरइतकेच. त्याखाली प्रॉस्पेक्टच्या (एनएचएलमध्ये अजून न स्थिरावलेल्या तरुण खेळाडूंच्या) १२ जागा आणि जखमींसाठी २. सेंटर, लेफ्ट विंग, राइट विंग अशी फोड करण्याचा मोह टाळा. प्रशिक्षक ओळी (एकत्र खेळणारे तिघे) रोज बदलतात, लीग ज्यावर चालते ते संकेतस्थळ पोझिशन आपल्या मर्जीनं बदलतं, आणि भांडण तुमच्या लीगमध्ये होतं. फॉरवर्ड आणि बचावपटू एवढीच फोड ठेवली तरी एखादा ब्रेंट बर्न्स निघतोच: सॅन होजेनं त्याला २०१३-१४ मध्ये विंगवर खेळवलं आणि पुढच्या हंगामात परत बचावात नेलं. त्यासाठी एक ओळ पुरे: हंगामाच्या पहिल्या दिवशी संकेतस्थळावर असलेली पोझिशन हंगामभर कायम, नवी मिळाली तर वापरता येईल, असलेली काढली जाणार नाही.

गुणांची सुरुवात इथून करता येईल: गोल ३, असिस्ट (गोलला दिलेला पास) २, पॉवर प्लेवरच्या (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या) गोल किंवा असिस्टला वर ०.५, शॉट ०.३, ब्लॉक ०.४, हिट (अंगानं दिलेली धडक) ०.२. गोलीला विजय ३, सेव्ह ०.२, खाल्लेला गोल उणे १, शटआउट (एकही गोल न खाता काढलेला सामना) २. या हिशोबानं ४० गोल, ५० असिस्ट, २८० शॉट, पॉवर प्लेवरचे ३० गुण, ४० ब्लॉक आणि ५० हिट करणारा फॉरवर्ड हंगामात ३४५ गुण मिळवतो. ३० पैकी २७ शॉट अडवून जिंकणारा गोली एका रात्रीत ५.४ मिळवतो, पाच गोल खाऊन हरणारा तीस शॉटांत शून्यावर येतो. प्लस-मायनस घेऊ नका. खेळाडू बर्फावर असताना इतर नऊ जणांनी काय केलं, त्याचंच ते मोजमाप आहे.

ड्राफ्ट पहिल्या वर्षी सापासारखा वळणारा, पण तिसऱ्या फेरीत उलटा: पहिली फेरी १ ते १२, दुसरी १२ ते १, तिसरी पुन्हा १२ ते १, मग नेहमीसारखी. पहिल्या क्रमांकाला मॅकडेव्हिड मिळणं हा फायदा एका वर्षाचा नसून दहा वर्षांचा असतो, म्हणून ही उलटी फेरी. २७६ निवडी एका बैठकीत होत नाहीत. प्रत्येक निवडीला चार तास देऊन जुलैअखेर सुरू केलं तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आटोपतं.

संकेतस्थळ निवडताना पुढच्या वर्षांची पिकं (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) विकता-घेता येतात का आणि प्रॉस्पेक्टसाठी वेगळ्या जागा आहेत का, एवढंच पाहा. फँट्रॅक्सवर दोन्ही होतं. याहू-ईएसपीएनची सवय अनेकांना असते, पण दोन-तीन वर्षांपुढच्या पिकांचा हिशोब मग बाहेरच्या शीटमध्ये ठेवावा लागतो आणि ते शीट कोणीतरी जानेवारीत भरायचं विसरतो.

आता दुरुस्तीचं कलम. हे पहिल्या दिवसापासून हवं, कारण नंतर ते आणायचं तर ते कोणत्या बहुमतानं आणायचं हाच वाद होतो. असं लिहून चालेल:

«कलम ९. दुरुस्तीचा प्रस्ताव स्टॅन्ली कप (एनएचएलची अंतिम स्पर्धा) संपल्यापासून १५ जुलैपर्यंतच मांडता येईल. मतदान सात दिवस. बारापैकी सात मतांनी किरकोळ नियम बदलेल. गुण, रोस्टर, ड्राफ्टचा क्रम आणि प्रॉस्पेक्टची मर्यादा यांत बदल करायला नऊ मतं लागतील आणि तो येत्या हंगामात लागू न होता त्यापुढच्या हंगामापासून लागू होईल; बाराच्या बारा मतं पडली तर मात्र लगेच. मत न देणं म्हणजे विरोध. कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) मत एकच. पळवाट बुजवणारा तातडीचा निर्णय कमिशनर केव्हाही देऊ शकेल, पण तो मागील तारखेनं लागू होणार नाही आणि पुढच्या मतदानात मांडावाच लागेल.»

मत न देणं म्हणजे विरोध, हे वाक्य कडक वाटतं. ते नसेल तर मात्र जुलैमध्ये सुट्टीवर गेलेल्या चौघांच्या पाठीमागे पाच जण नियम बदलून मोकळे होतात.

पहिला हंगाम: काय हमखास बिघडतं

गोली. एनएचएलमध्ये ३२ संघ, म्हणजे ढोबळमानानं ६४ गोली, आणि त्यांत नियमित खेळणारे निम्मे. नियम नसेल तर कोणीतरी सहा-सात गोली दडवून बसतो आणि उरलेल्यांना चढ्या भावानं विकतो. २३ जणांच्या रोस्टरमध्ये जास्तीत जास्त चार गोली, हे पहिल्या वर्षीच घाला. प्रॉस्पेक्टमधले गोली यात मोजू नका, कारण ते पिकायला वेळ लागतो. इगोर शेस्टरकिन २०१४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत गेला आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडून जानेवारी २०२० मध्ये पहिल्यांदा उतरला. साडेपाच वर्षं ज्यानं जागा अडवून ठेवली त्याला शिक्षा नको.

कॅटेगरीवर (एकूण गुणांऐवजी प्रत्येक आकड्याची वेगळी हारजीत धरून) चालणाऱ्या लीगमध्ये आणखी एक खेळी दिसते: सोमवारी गोलीनं शटआउट दिला की मालक आठवडाभर त्याला बसवून सेव्ह टक्केवारी जिंकतो. आठवड्यात किमान तीन स्टार्ट (गोलीनं सुरुवातीपासून खेळलेले सामने), नाहीतर गोलीच्या सगळ्या कॅटेगरी हरल्या, असा नियम करा. मात्र ऑलिंपिकसारख्या सुट्टीच्या आठवड्यात हा आकडा आपोआप एक व्हावा.

जखमींच्या जागा. खेळाडू बरा होऊन खेळायला लागला तरी मालक त्याला तिथंच ठेवतो आणि त्याच्या जागी चोविसावा माणूस फुकट सांभाळतो. संकेतस्थळाची अशी सेटिंग असते, की बरा झालेला खेळाडू त्या जागेवर असेपर्यंत मालकाला दुसरा कोणताही व्यवहार करता येत नाही. ती चालू करा, दंडबिंड ठेवायची गरजच पडत नाही.

मोकळ्या खेळाडूंसाठी "जो आधी पोचेल त्याचा" ही पद्धत नको. एनएचएलचे सामने टोरंटोच्या वेळेनं संध्याकाळी सातला सुरू होतात तेव्हा पुण्यात हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच असतात. जखमेची बातमी कोणत्या वेळी येते आणि कोण जागा असतो, यावर लीग चालायला लागते. प्रत्येकाला हंगामाला १०० काल्पनिक डॉलर द्या आणि आठवड्यातून दोनदा बंद बोली लावा. शिल्लक पुढच्या वर्षी नेता येणार नाही. लाइनअपचं कुलूप (त्यानंतर खेळाडू बदलता येत नाही) ज्याच्या-त्याच्या सामन्याच्या वेळी पडावं, दिवसाच्या पहिल्या सामन्याला नको. नाहीतर व्हँकुव्हरचा खेळाडू टोरंटोच्या वेळेला अडकतो.

फायनलचा आठवडाही बघून ठेवा. एनएचएलचा नियमित हंगाम एप्रिलच्या मध्याला संपतो आणि शेवटच्या दहा दिवसांत प्लेऑफ निश्चित झालेले संघ मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. तुमची फायनल त्याआधी उरकली पाहिजे.

दुसरा हंगाम: हरण्याची शर्यत

जानेवारीत तळाचे तीन-चार संघ बघतात की प्लेऑफ गेलंच आहे आणि शेवटचा आला त्याला पहिलं पिक मिळणार आहे. मग जखमी गोली लाइनअपमध्ये तसाच पडून राहतो. खुद्द एनएचएल या दुखण्यातून गेली आहे. २०१४-१५ मध्ये मॅकडेव्हिड येणार हे माहीत असल्यानं तळाशी काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. शेवटच्या आलेल्या बफेलोला पहिल्या पिकाच्या लॉटरीत २० टक्के संधी होती, ११.५ टक्के संधी असलेलं एडमंटन जिंकलं. पुढे २०१६ पासून पहिली तीन पिकं लॉटरीत गेली, आणि २०१७ मध्ये अवघे ४८ गुण मिळवून तळाला राहिलेलं कोलोराडो घसरून चौथ्या क्रमांकावर आलं. तिथं त्यांना पुढे मोठा बचावपटू ठरलेला केल मकार मिळाला ही गोष्ट वेगळी. २०२१ पासून दोनच पिकांची सोडत निघते आणि २०२२ पासून कोणालाही दहापेक्षा जास्त जागा वर उडी मारता येत नाही.

म्हणजे नियम लावून, बघून, पुन्हा घट्ट करून एनएचएलला सुद्धा सात-आठ वर्षं लागली. तुम्हीही दोन टप्प्यांत करा.

आधी फरक ओळखा. जुने खेळाडू विकून तरुण घेणं म्हणजे पुनर्बांधणी, आणि तो पूर्ण हक्क आहे. असलेला चांगला खेळाडू बाकावर ठेवून हरणं म्हणजे लबाडी. नियम दुसऱ्या प्रकारावर हवा. त्यासाठी ड्राफ्टचा क्रम तक्त्यातल्या जागेवर न ठरवता "उपलब्ध गुणां"वर ठरवा: त्या संघाच्या सगळ्या २३ जणांनी, बाकावर बसलेल्यांसह, हंगामात मिळवलेले एकूण गुण. खेळाडूला बाकावर बसवून हा आकडा खाली येत नाही. सर्वांत कमी आकडा असलेल्याला सर्वांत जास्त संधी. सहा संघ प्लेऑफबाहेर असतील तर चिठ्ठ्या २५, २१, १८, १५, १२, ९, मिळून १००. पहिल्या दोन पिकांपुरतीच सोडत काढा, बाकी क्रम आकड्यानुसार. सोडत व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर. कमिशनरनं घरी काढून निकाल कळवायचा नाही, मग तो कितीही सज्जन असो.

लॉटरी आली तरी लाइनअप रिकामी ठेवण्याला वेगळा दट्ट्या लागतोच. खेळू शकणारा माणूस बाकावर असताना जागा रिकामी किंवा जखमी खेळाडूनं भरलेली सापडली तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा दोन चिठ्ठ्या कमी, तिसऱ्यांदा पहिल्या फेरीचं पिक फेरीच्या शेवटी. जाता जाता एक गोष्ट: ज्यानं आपलं पिक आधीच विकलं आहे त्याला हरण्यात काहीच रस नसतो. संशय घेण्याआधी पिक कोणाकडे आहे ते बघा.

आणि इथंच तारखेचा प्रश्न येतो. समजा एका मालकानं मार्चमध्ये दुसऱ्याचं पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक विकत घेतलं, तो संघ तळाला जाणार हे हेरूनच. जुलैमध्ये तुम्ही लॉटरी आणली. ज्यासाठी त्यानं चांगला बचावपटू दिला, ते पहिलं पिक आता जेमतेम चौथाई शक्यता झालं. त्याची तक्रार रास्तच आहे. कलम ९ मधली एका हंगामाची मुदत इथं अपुरी पडते, म्हणून पिकं जितकी वर्षं पुढची विकता येतात, तितके ड्राफ्ट होऊन गेल्यावरच क्रमाची नवी पद्धत लागू करा. पिकं दोन वर्षं पुढपर्यंत विकता येत असतील तर २०२६ च्या जुलैत मंजूर झालेली लॉटरी २०२९ च्या ड्राफ्टला. लांब वाटतं, पण वादाला जागाच उरत नाही. यामुळेच पिकं दोन वर्षांपलीकडे विकू देऊ नयेत. तीन-चार वर्षांची मुभा दिलीत तर तुमची नियमावली तितकीच वर्षं गोठते.

पिकं विकण्याला आणखी एक लगाम हवा. ऋण काढून सण करणारा एक तरी मालक प्रत्येक लीगमध्ये असतो. तो दोन वर्षांची सगळी पिकं विकतो, जिंकला तर ठीक, हरला तर लीग सोडतो. वर्गणीची लीग असेल तर पुढच्या वर्षाचं पहिल्या-दुसऱ्या फेरीचं पिक विकताना त्या वर्षाची पूर्ण वर्गणी आधी जमा करून घ्या. भारतातून खेळणारा सदस्य असेल तर मात्र वर्गणी आणि बक्षिसाचे पैसे ठेवूच नका. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. बिनपैशाच्या लीगमध्ये दुसरा उपाय: दोन वर्षं मिळून पहिल्या फेरीचं एक तरी पिक मालकाच्या हातात राहिलंच पाहिजे.

तिसरा हंगाम: प्रॉस्पेक्टचा पूर

हा प्रश्न पहिल्या दोन वर्षांत दिसत नाही, म्हणून त्याची तयारी कोणी करत नाही. हिशोब असा. एनएचएल ड्राफ्टमध्ये दर वर्षी सात फेऱ्यांत सुमारे २२४ खेळाडू निवडले जातात. तुमच्या लीगनं वर्षाला चार फेऱ्या घेतल्या तर ४८ जण आत येतात. प्रॉस्पेक्टच्या जागा बारा संघांत मिळून १४४. म्हणजे तीन ड्राफ्टमध्ये भांडं काठोकाठ. त्याच सुमारास पहिल्या वर्षी घेतलेले चार-पाच जण एकदम एनएचएलमध्ये स्थिरावतात, प्रॉस्पेक्ट राहत नाहीत, आणि त्यांना २३ मध्ये जागा लागते. ज्या मालकानं सर्वांत चांगली पारख केली त्यालाच खेळाडू सोडून द्यावे लागतात.

यावर उतारा रोस्टर मोठं करणं असं सगळ्यांना वाटतं. तसं करू नका. रोस्टर वाढलं की मोकळ्या खेळाडूंत खोगीरभरती उरते आणि जखमांनी घेरलेल्या संघाला उभं राहायला कोणी मिळत नाही. तीन गोष्टी करा.

एक, प्रॉस्पेक्टची मर्यादा सामन्यांवर ठेवा, वयावर नको: स्केटर (गोली सोडून बाकीचे) कारकिर्दीत ८२ सामन्यांपर्यंत, गोली ४१ पर्यंत. एनएचएलची काल्डर ट्रॉफीची (सर्वोत्तम नवोदिताच्या बक्षिसाची) व्याख्या, म्हणजे आधीच्या कोणत्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने नकोत, किंवा दोन हंगामांत सहा-सहा नकोत, ही फँटसीसाठी फार घट्ट पडते. ती नवोदित कोण हे ठरवण्यासाठी आहे, साठा सांभाळण्यासाठी नाही. आकडे मात्र "एका पूर्ण हंगामाइतके" आणि "त्याच्या निम्मे" असे लिहा. २०२६-२७ पासून एनएचएलचा हंगाम ८४ सामन्यांचा होतो आहे, दर वेळी घटना उघडायला नको.

दोन, मर्यादा हंगामाच्या मध्यात ओलांडली तरी खेळाडू तिथंच राहील आणि त्याला वर आणायची सक्ती १ सप्टेंबरलाच होईल. अंतिम कपातीची तारीख एनएचएलच्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी ठेवा, कारण सराव शिबिरातून कोण संघात राहिलं हे तेव्हाच कळतं. मधल्या महिनाभरात मालकांना जादा खेळाडू विकता येतात. सप्टेंबर हा डायनस्टीतला सर्वांत गजबजलेला बाजार होतो तो याच नियमामुळे.

तीन, प्रॉस्पेक्टच्या जागेवर बसलेल्या खेळाडूचे गुण मिळणार नाहीत आणि एकदा वर आणलेला परत खाली जाणार नाही. ही दुसरी अट नसेल तर त्या बारा जागा म्हणजे जादा बाकच.

कोणाला प्रॉस्पेक्ट म्हणून घेता येईल हेही आता नीट लिहा. एनएचएल ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, किंवा एनएचएल संघाशी करार केलेला, एवढंच. रशियातून थेट येणाऱ्यांचं काय? आर्तेमी पनारिनला कोणीच ड्राफ्टमध्ये घेतलं नव्हतं. २०१५ मध्ये शिकागोनं करार केला आणि पहिल्याच हंगामात गोल आणि असिस्ट मिळून ७७ गुण करून त्यानं काल्डर घेतली. असा खेळाडू तुमच्या लीगमध्ये कोणाचा? दोन ड्राफ्टच्या मध्ये पहिला करार करणारे सगळे पुढच्या नवोदित ड्राफ्टच्या यादीत जातील, हे सरळ उत्तर. कराराच्या बातमीवर झडप घालणाऱ्याला तो मिळू देऊ नका.

पहिलं पिक म्हणजे सोनं नव्हे, याची आठवण नव्या मालकांना करून द्यावी लागते. नेल याकुपोव्ह २०१२ चा पहिला होता, पण एनएचएलमध्ये टिकला नाही. पुढे मोठा तारा ठरलेला किरिल काप्रिझोव्ह २०१५ मध्ये पाचव्या फेरीत १३५ वा गेला आणि मिनेसोटाला त्याची पाच वर्षं वाट बघावी लागली.

गुण बदलायचे असतील तर

मतदानाआधी एक काम सक्तीचं करा: गेल्या हंगामाचे आकडे संकेतस्थळावरून शीटमध्ये उतरवा, नव्या गुणांनी मोजा आणि बारा संघांचा फरक तक्त्यात लावा. ब्लॉक ०.४ वरून ०.८ केला तर १८० ब्लॉक करणारा बचावपटू ७२ गुणांनी वर जातो, ४० ब्लॉक करणारा फॉरवर्ड १६ नी. असे दोन बचावपटू असलेला संघ काही न करता जवळपास दीडशे गुण कमावतो. प्रस्ताव मांडणाराच तक्त्यात सर्वांत वर दिसला तर चर्चा आपोआप शहाणी होते. एका वर्षात एकच गुण बदला आणि तोही थोडा. दोन बदलले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. हिटचे गुण वाढवताना जपून, कारण हिट म्हणजे काय हे प्रत्येक मैदानावरचा नोंदणारा आपापल्या नजरेनं ठरवतो.

पगारमर्यादा आणायची का

चौथ्या-पाचव्या वर्षी एखादा संघ सलग जिंकायला लागतो आणि पगारमर्यादेचा (संघातल्या खेळाडूंच्या खऱ्या पगारांच्या बेरजेवर मर्यादा घालण्याचा) विषय निघतो. चांगलं खेळणाऱ्याचे पाय ओढायला ती आणू नका. सगळ्यांना खरंच हिशोब करायला आवडत असेल तरच आणा. आणलीत तर दोन पूर्ण हंगामांची सूचना द्या, म्हणजे महाग खेळाडू विकायला वेळ मिळेल.

आकडा डॉलरमध्ये लिहू नका. एनएचएलची मर्यादा २०१९-२० पासून तीन हंगाम ८ कोटी १५ लाख डॉलरवर थिजली होती. २०२४-२५ ला ८ कोटी ८० लाख झाली आणि २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. "एनएचएलच्या त्या वर्षीच्या मर्यादेइतकी" किंवा "तिच्या ११० टक्के" असं लिहा. पगार म्हणून कराराची वार्षिक सरासरी घ्या, त्या वर्षी हातात पडलेली रक्कम नको. लिऑन ड्रायसाइटल २०२४-२५ मध्ये ८५ लाखांना होता, म्हणजे मर्यादेच्या ९.७ टक्के, नव्या करारानं २०२५-२६ मध्ये १ कोटी ४० लाख झाला, १४.७ टक्के. असा धक्का एका रात्रीत बसतो, म्हणून नवा करार लागू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मर्यादेबाहेर राहायची मुभा द्या आणि तपासणी पहिल्या सामन्याच्या दिवशी करा.

पगार कुठून बघायचा याचं नाव लिहा आणि ते बंद पडलं तर कोण, हेही लिहा. कॅपगीक हे पगारांचं संकेतस्थळ २०१५ च्या जानेवारीत बंद झालं. नंतर सगळे कॅपफ्रेंडलीवर गेले. ते २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स या एनएचएल संघानं विकत घेतलं आणि जुलैत लोकांसाठी बंद झालं. ज्यांच्या घटनेत एकच नाव होतं त्यांची भर ड्राफ्टच्या दिवसांत धावपळ झाली.

मालक गेला, नवे आले

सोडून जाणारा संघ बहुधा पोखरलेला असतो. एकच संघ अनाथ असेल तर नव्या मालकाला पहिल्या फेरीच्या शेवटी एक जादा पिक द्या. दोन असतील तर दोन्ही संघांचे खेळाडू आणि पिकं एका ढिगात टाकून दोघा नव्या मालकांना आलटून पालटून निवडू द्या. आयतं मिळालेल्यापेक्षा स्वतः निवडलेला संघ माणूस जास्त वर्षं सांभाळतो.

बाराचे चौदा करायचे तर एनएचएलनं २०१७ मध्ये व्हेगाससाठी आणि २०२१ मध्ये सिॲटलसाठी वापरलेली पद्धत जशीच्या तशी चालते: प्रत्येक जुना संघ ७ फॉरवर्ड, ३ बचावपटू, १ गोली राखतो, प्रॉस्पेक्टना सूट. प्रत्येक संघातून दोनच खेळाडू जातील, म्हणजे नव्यांना बारा-बारा, बाकी मोकळ्यांतून. वर्षभर आधी जाहीर करा. आणि अमक्याला घेऊ नकोस म्हणून तुला हे देतो, अशा बाजूच्या सौद्यांना मनाई करा. फ्लोरिडानं २०१७ मध्ये व्हेगासला जोनाथन मार्शेसो जाऊ दिला आणि वर रायली स्मिथही चौथ्या फेरीच्या पिकावर देऊन टाकला; दोघंही व्हेगासकडे चमकले. व्यावसायिक मंडळींचं असं होतं, तर तुमच्या लीगमधल्या नवख्याचं काय होईल.

हंगामच अर्धवट राहिला तर

१२ मार्च २०२० ला कोविडमुळे एनएचएल थांबली तेव्हा बहुतेक फँटसी लीगचं प्लेऑफ तोंडावर होतं. २०१२-१३ चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे ४८ सामन्यांचा झाला, २०२०-२१ चा ५६ चा. दोन ओळी लिहून ठेवा: ठरलेल्या आठवड्यांपैकी ७० टक्क्यांहून कमी झाले तर विजेता नाही, बक्षीस पुढच्या वर्षात, ७० किंवा जास्त झाले तर तक्त्यातला पहिला विजेता. ड्राफ्टचा क्रम दोन्ही वेळी झालेल्या सामन्यांमागच्या सरासरी उपलब्ध गुणांवर. प्रॉस्पेक्टची मर्यादा मोजताना मात्र प्रत्यक्ष खेळलेले सामनेच धरा. प्रमाण काढत बसलात तर शीट कोणालाच कळत नाही.

घटनेची प्रत एकाच ठिकाणी ठेवा, सदस्यांना फक्त शेरे लिहिता येतील अशी. प्रत्येक बदलासमोर मंजुरीची तारीख, मतं आणि कोणत्या हंगामापासून लागू ते लिहा. खोडलेला नियम पुसू नका, खाली जुन्या नियमांत हलवा. तीन वर्षांपूर्वीच्या ट्रेडवर तंटा झाला तर तेव्हाचं कलमच लागतं. कमिशनरच्या स्वतःच्या ट्रेडला मंजुरी द्यायला दरवर्षी दोन सदस्य नेमा. इतर ट्रेड मतदानानं रोखायची सोय ठेवू नका, नाहीतर प्रतिस्पर्धी मजबूत होतोय म्हणून लोक नकार देतात.

शेवटचं कलम लीग बंद करण्याचं. ते कोणी लिहीत नाही, आणि मग एका जुलैत सात जण कंटाळतात तेव्हा ज्यांनी चालू खेळाडू देऊन पुढची पिकं घेतली ते हात चोळत बसतात. नऊ मतांनी बंद करायचं ठरलं तर त्या दिवसापासून पिकांचा व्यवहार थांबेल, विकली गेलेली सगळी पिकं वापरून होईपर्यंत लीग चालेल, आणि आगाऊ भरलेली वर्गणी ज्याची त्याला परत मिळेल.